मॉडेलने बोलायचं नसतं

मी निवृत्त झालो आणि माझ्या बायकोने माझ्याशी बोलणं सोडलं.

हे मी रागाच्या भरात म्हणत नाही, चांगली खातरजमा करून म्हणतोय. जेवणाच्या टेबलाशी आमच्या जागा ठरलेल्या आहेत. मी मधोमध, माझ्या उजवीकडे टीव्ही, डावीकडे ती आणि तिच्या पलीकडे स्वयंपाकघराचं दार. सकाळी ती चहा घेऊन तिथे बसते, चहा ढवळते, भाजी निवडते. मध्येच मान वर करून माझ्याकडे बघते. तिने बघितलं की मी "हं" म्हणतो. संसारात एवढं सौजन्य पाळावं लागतं. मग ती उठते आणि आत जाते. झाली आमची बातचीत.

नोकरीत असताना हे लक्षात आलं नाही, कारण घरी असायचो कधी? मी छापखान्यात होतो. चार रंगांची ती अवाढव्य मशीन जन्मभर माझ्या डाव्या हाताला धडधडत राहिली. नुसत्या आवाजावरून मी सांगायचो की कुठला रोलर कोरडा पडलाय, कुठलं बेअरिंग आठवडाभरात दगा देणार. माझ्या हाताखालची पोरं माझ्या कानाला घाबरून असायची. असा कान असलेल्या माणसाला घरातली शांतता जरा जास्तच टोचते.

कारणं मी बरीच शोधून पाहिली. जुना सोफा मी तिला न विचारता विकला होता, तो राग असेल. तिच्या भावाला मी एकदा आगाऊ म्हणालो होतो, पण तो आहेच आगाऊ. शेवटी न राहवून दुसऱ्या शहरात राहणाऱ्या लेकीला फोन लावला.

"तुझ्या आईचं काय बिनसलंय? तोंडाला कुलूप लावून बसलीये."

"कमाल आहे बाबा," ती म्हणाली. "आई तुमच्याबद्दल अगदी हेच सांगत होती."

म्हणजे मायलेकींचं आधीच संगनमत झालेलं होतं. मी फोन ठेवला. आपण होऊन विचारायचं नाही असं ठरवलं. मलाही मान आहे.

मग एक दिवस तिच्या बोटांना काळं दिसलं. आयुष्य शाईत गेलेल्या माणसाला काळं ओळखता येतं. ही शाई नव्हती.

"हे काय?" मी विचारलं.

"कोळसा," ती समोर उभी राहून म्हणाली. "चित्रकलेच्या वर्गातला."

"कुठला वर्ग?"

तिने हातातलं फडकं टेबलावर टाकलं. "अहो, तीनदा सांगितलं तुम्हाला. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, दर शनिवारी. तीनही वेळा तुम्ही हं म्हणालात."

मला काय सांगितलं आणि काय नाही, हे मला कळत नाही का? पण ती अशी ठासून बोलली की माझीच बोलती बंद झाली. तिने या वयात खोटं बोलायला सुरुवात केली, याचं मला वाईट वाटलं. चित्रं काढायला लागली त्याचं काही नाही. काढ बापडे.

पुढच्या शनिवारी ती चष्मा विसरून गेली. तो घेऊन मी वाचनालयाचा जिना चढलो. चष्मा काय, ती आल्यावरही देता आला असता. पण माझ्याशी न बोलणारी बाई तिथे जाऊन करते काय, हे मला बघायचं होतं.

वर एक लांबट खोली होती. खुर्च्यांना जुने रंग वाळून बसलेले, कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये कायमचा निळा डाग, फरशीवर कोळशाची भुकटी आणि त्यात चपलांचे ठसे. मध्ये एका स्टुलावर किटली, दोन कांदे आणि एक वाळकी फांदी. दहा-बारा मोठी माणसं आपापल्या फळ्यांआडून त्या किटलीकडे अशी बघत होती, जणू ती पळून जाणार आहे.

शिकवणाऱ्या बाई आमच्या लेकीपेक्षा लहान. केसांत पेन्सिल खोचलेली, नखांत रंग. त्यांनी चष्मा घेतला तो घेतला, आणि माझ्याभोवती एक चक्कर मारली. घर घ्यायचं असल्यासारखी.

"काका, तुमच्या चेहऱ्यात किती काय काय आहे हो."

"एक नाक, दोन डोळे," मी म्हणालो.

"आमच्याकडे एक पहारेकरी बसायचे मॉडेल म्हणून. ते गावाला गेले. तेव्हापासून ही किटलीच चाललीये. तुम्ही बसाल?"

"मी चार रंगांत जग छापलंय," मी म्हणालो. "मला बसवून तुम्ही काय काढणार?"

"चारच रंगांत?" एका फळ्यामागून एक गृहस्थ म्हणाले. हे दातांचे डॉक्टर होते, असं नंतर कळलं. "पांढरा कुठला वापरायचा?"

"पांढरा नसतोच," मी म्हणालो. मला असे प्रश्न आवडतात. "छापखान्यात पांढरी शाई लागत नाही. चित्रात पांढरं दिसतं ना, तो कागद असतो. तो राखावा लागतो. चहूबाजूंनी छापायचं आणि मधल्याला धक्का लावायचा नाही. नवी पोरं तिथेच घोळ घालतात."

बाईंना हे फार आवडलं. त्यांनी टाळीच वाजवली. "ठरलं, तुम्ही बसताय. फक्त आमचे तीन नियम. मॉडेलने हलायचं नाही. मॉडेलने बोलायचं नाही. आणि प्रदर्शनापर्यंत मॉडेलने चित्रं बघायची नाहीत."

"बोलायचं नाही?" मागून आमची ही म्हणाली. "हे?"

आणि सगळा वर्ग हसला. त्या हसण्यावर मी होकार दिला. पण खरं कारण वेगळं होतं. माणूस तोंडाने काहीही बोलेल किंवा बोलणार नाही, पण समोर बसवून हाताने काढायचं म्हटलं की मनातलं कागदावर उतरतंच. जन्मभर चित्रं छापलेल्या माणसाला एवढं कळतं. हिच्या मनातून मी उतरलोय की नाही, हे मला तिला विचारायला लागू नये आणि तरी कळावं. ते चित्र पाहीपर्यंत मी बसणार होतो. वाटेल तितके शनिवार.

बाईंनी माझी खुर्ची एका लाकडी चौथऱ्यावर आडवी लावली. खिडकी डावीकडे, उजेड तिथून. वर्ग सगळा उजव्या हाताला. मी समोरच्या भिंतीवरच्या खिळ्याकडे बघायचं.

"काका, मान सरळ," बाई म्हणाल्या.

"सरळच आहे."

"बोलायचं नाही."

दहा मिनिटांनी पुन्हा, "काका, मान वळली." मला हसू आलं. उभी हयात मशीनपुढे खांबासारखा उभा राहिलेला माणूस मी. मला ही पोर स्थिर बसायला शिकवत होती.

पण त्या पहिल्या शनिवारी मला खरा धक्का बसला तो वेगळाच. आमची ही बोलत होती.

साधंसुधं बोलत नव्हती. तिची नुसती टकळी चालू होती. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना चिमटे काढत होती, डॉक्टरांना म्हणत होती की तुम्ही किटलीलासुद्धा दात काढलेत. वर्ग तिच्याभोवती गोळा झाल्यासारखा होता. ती बोलली नाही की कुणीतरी विचारायचं, "काय हो, आज गप्प?"

मग माझी पाळी आली. मी चौथऱ्यावर बसलोय याचं तिला काही नव्हतं. मॉडेल म्हणजे किटली.

"सकाळी पेपर आला की पहिला यांच्या हातात," ती सांगत होती. "भिंग घेऊन बसतात. वाचत नाहीत हो. रंग बरोबर बसलेत का ते बघतात. लाल जरा सरकला की पेनाने गोल. सगळा पेपर गोलगोल करून मग मला देतात. मी विचारलं की बातमी काय आहे, तर म्हणतात, दुसऱ्या पानावरच्या मंत्र्याला दोन दोन मिशा आल्यात."

वर्गात हशा पिकला. बाईसुद्धा हसल्या. मला सांगायचं होतं की मंत्र्याला खरंच दोन मिशा आल्या होत्या आणि आमच्या वेळी असं छापलं असतं तर कुणाची तरी नोकरी गेली असती. पण मॉडेलने बोलायचं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. आणि खरं सांगायचं तर मला तो आवाज ऐकून बरंही वाटत होतं. किती दिवसांनी ऐकत होतो.

"काका, मान," बाई म्हणाल्या.

घरी परत जाताना ती माझ्या डाव्या बाजूने चालत होती. तिथे बाराजणांना हसवणारी बाई, रस्त्यात एक शब्द बोलली नाही. घरी आलो, ती आपल्या खुर्चीत बसली, माझ्याकडे बघितलं. मी "हं" म्हणालो. ती उठून गेली.

बाहेरच्यांसाठी सगळं काही आणि घरच्यासाठी चहा. मी मनाशी म्हणालो, आता तर चित्र बघितल्याशिवाय राहत नाही.

त्यानंतरच्या एका शनिवारी बाईंनी भलतंच काढलं. "आज काकांना काढायचं नाही," त्या म्हणाल्या. "आज काकांच्या भोवतीची जागा काढायची. खिडकी, भिंत, खुर्चीचे पाय, हाताखालून दिसणारा पडदा. काकांवर एकही रेघ नको. आपल्याला जे माहीत असतं ते आपण काढतो आणि फसतो. माहीत असलेलं विसरा, दिसतं तेवढंच काढा."

मला वगळायचं आणि तरी मीच हलायचं नाही. ही चित्रकला मला काही कळली नाही. पण सगळे निमूटपणे माझ्या आजूबाजूला काळं करायला लागले.

कोळसा कागदावर खरखरत होता. मग शिवणवाल्या बाईंनी विचारलं, "मग तुमचं जायचं ठरलं का?"

"ठरलं," आमची ही म्हणाली. "लेक कधीची बोलावतेय. नात लहान, लेकीची नोकरी. प्रदर्शन झालं की जाते. चार-सहा महिने तरी. जमलं तर तिकडेच राहीन म्हणते."

मी खिळ्याकडे बघत राहिलो.

"आणि काका?" बाईंनी हळूच विचारलं.

"काका हे काय बसलेत. सांगितलंय त्यांना." तिचा कोळसा चालूच होता. "एकदा नाही, चारदा सांगितलं. मी म्हटलं, लेकीकडे जाऊन राहू का? हं म्हणाले. म्हटलं, तुम्ही येता का? हं. पण उठून साधी बॅगसुद्धा बघितली नाही. शेवटी म्हटलं, मी नसले घरात तर चालेल ना तुम्हाला?"

"मग?"

"हं म्हणाले."

ती पुढे म्हणाली, आणि या वेळी आवाजात चेष्टा नव्हती, "माणसाने नको म्हणावं असं नाही. पण निदान पेपर तरी खाली ठेवावा."

मी उठून ओरडायला हवं होतं. तिने मला एका अक्षराने सांगितलं नव्हतं! चारदा तर सोडाच. एवढ्या लोकांसमोर धडधडीत खोटं आणि तेही रडवेल्या आवाजात. पण ती खोटं का बोलेल? तिला जायचंच असेल तर ती जाणार, माझ्यावर ढकलायची काय गरज?

"काका, मान सरळ ठेवा ना," बाई म्हणाल्या. "फारच वळलीये आज."

वाटेत मी सारखा तिच्याकडे बघत होतो. आता सांगेल, पुढच्या वळणावर सांगेल. एकदा तिचे ओठ हलल्यासारखे वाटले, पण तेवढ्यात बस गेली. मी विचारलं नाही. काय विचारणार? तू मला सोडून चाललीस का? असं विचारून उत्तर "हो" आलं, तर त्याचं काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं. त्या आठवड्यात तिने कपाटावरची मोठी बॅग काढून पुसली. मी पेपरमध्ये गोल काढत बसलो. एकाही चित्रात चूक नव्हती, तरी काढले.

प्रदर्शन वाचनालयाच्या खालच्या दालनात होतं. दोऱ्या बांधून त्यांना चिमट्यांनी चित्रं लावलेली, वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. आणि सगळीकडे मी. आयुष्यात इतक्या ठिकाणी मी एकदम कधी नव्हतो. डॉक्टरांनी माझं तोंड मिटलेलं काढलं होतं, पण आतले दात मोजता येतील असं. शिवणवाल्या बाईंनी शर्टाच्या शिवणी एवढ्या मन लावून काढल्या होत्या की चेहऱ्याला वेळच उरला नव्हता. कुणी मला न्यायाधीश केलं होतं, कुणी भाजीवाला. लोक चित्र बघायचे, मग माझ्याकडे बघायचे, मग पुन्हा चित्र. मी छाती काढून उभा होतो आणि डोळे तिचं चित्र शोधत होते.

ते शेवटच्या दोरीला होतं.

सबंध कागद काळा केलेला. खिडकीची चौकट, पडद्याच्या घड्या, चौथऱ्याची फुटलेली कड, खुर्चीच्या पायाला लावलेला कागदाचा कपटा, सगळं होतं. भिंतीवरचा खिळासुद्धा होता. आणि या सगळ्याच्या मधोमध जिथे मी असायला हवा होतो, तिथे कोरा कागद. बाकीच्यांनी सरावाची ती चित्रं फेकून नंतर मला काढलं होतं. हिने तेच टांगलं होतं. खाली चिठ्ठीवर चित्राचं नाव लिहिलं होतं: "हं".

मला चित्र बघायचं होतं, बघितलं. मनात काय आहे ते कागदावर उतरतं म्हणालो होतो, उतरलं होतं. भिंतीवरचा खिळा तिला आठवणार होता आणि मी नाही. माझे डोळे भरून आले. मी उगाच नाक शिंकरलं.

"काका, एक विचारू?" उजवीकडून दातांचे डॉक्टर म्हणाले. "रागावणार नाही ना?"

"विचारा."

"तुम्हाला डाव्या कानाने कमी ऐकू येतं का?"

"छट्! मशीनच्या नुसत्या आवाजावरून मी—"

"तुमची मशीन कुठल्या बाजूला असायची?"

"डावीकडे," मी म्हणालो. आणि माझा हात आपोआप डाव्या कानावर गेला.

"मी तोंडाचा डॉक्टर, कानाचा नव्हे," ते म्हणाले. "पण ही चित्रं बघा ना. नाक प्रत्येकाचं निराळं. माझं तर फसलंच आहे. पण मान? मान सगळ्यांची सारखी आहे. उजवा कान आमच्याकडे कललेला. बाई सरळ करायच्या, आणि कुणी बोललं की पुन्हा वळायची. काकू बोलल्या की सगळ्यात जास्त."

मी दोरीवरून नजर फिरवली. न्यायाधीश, भाजीवाला, शिवणींचा शर्ट. सगळे जण कान पुढे करून कुणाचं तरी ऐकत होते. मग मी तिच्या चित्राकडे बघितलं. त्या पांढऱ्या आकारात चेहरा नव्हता, पण मान होती. ती तर पार उजव्या खांद्यावर आली होती, दाराला कान लावल्यासारखी. तिने दिसलं तेवढंच काढलं होतं. काय दिसतंय हे तिलाही कळलं नव्हतं.

"काका," बाई मागून हळूच म्हणाल्या, "काकू मघापासून तुमच्याशी बोलतायत."

"कधी?"

"आत्ता. तुमच्या शेजारी."

मी डावीकडे वळलो. ती माझ्या खांद्याला खांदा लावून उभी होती. कधीपासून, देव जाणे. बंद पडलेल्या मशीनकडे मी जसा बघायचो, तशी ती माझ्याकडे बघत होती.

"समोर बघा," तिने हाताने खूण केली. मी समोर बघितलं, त्या पांढऱ्या माणसाकडे. दालनात लोकांची कुजबुज होती, दूर कुठेतरी खुर्ची सरकली. ती शेजारी आहे एवढं कळत होतं. काहीतरी विचारत असेल, बहुतेक घरी निघायचं का म्हणून. मी सवयीने म्हणालो, "हं."

बाईंनी खाली बघितलं. डॉक्टरांनीही खाली बघितलं.

ती माझ्या पाठीमागून फिरून उजवीकडे आली. "मी काय विचारलं तुम्हाला?"

"निघायचं का, असं."

"मी विचारलं, मी कायमची तिकडे गेले तर चालेल का तुम्हाला."

चहाच्या कपामागची ती सगळी बघणी मला आठवली. माझ्याकडे बघून ती गप्प बसत नव्हती. ती विचारत होती. रोज, काहीतरी. आणि मी सौजन्य पाळत होतो.

"नाही चालणार," मी म्हणालो.

दारापाशी उभे असलेले लोक वळून बघायला लागले. मी बराच मोठ्याने बोललो असणार. कमी ऐकू येणाऱ्यांचा आवाज मोठा असतो म्हणतात.

"अजिबात चालणार नाही," मी पुन्हा म्हणालो.

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू आधी विचारलंस कुठे?"

ती हसायला लागली. हसता हसता तिचं हसणं कधी बदललं ते कळलं नाही. "मला वाटायचं, टीव्हीवरचं सगळं ऐकू येतं आणि माझं तेवढं येत नाही," ती म्हणाली. "मला वाटायचं, नकोशी झाले." मग तिने माझ्या बाहीला डोळे पुसले. बोटांचा कोळसा बाहीला लागला. तो डाग अजून गेलेला नाही.

चित्र आम्ही घरी आणलं. मी तिला म्हटलं, बाईंनी नंतर मला भरायला सांगितलं असेल ना, मग ठेवलंस का कोरं?

"भरणारच होते," ती म्हणाली. "पण तोंड कसं काढायचं ते ठरेना. रागावलेलं की कंटाळलेलं. काहीतरी खोटं काढण्यापेक्षा म्हटलं राहू दे."

पांढरं राखणं किती कठीण असतं, हे मी पोरांना आयुष्यभर शिकवलं होतं.

लेकीकडे आम्ही दोघं जाऊन आलो. कानाच्या डॉक्टरांनी डाव्या कानात घालायला एक यंत्र दिलंय. ते मी टेबलाच्या खणात ठेवलं आहे, आणि त्यावरून घरात रोज वाद होतो. तो वाद मला नीट ऐकू येतो, कारण आम्ही जागा बदलल्या आहेत. आता टीव्ही डावीकडे, आणि त्याच्यावाचून काही अडत नाही. ती उजवीकडे.

आणि ती बोलते. निवृत्तीपासूनचं सगळं साचलेलं बोलते. सोफ्याचं बोलते, भावाचं बोलते. मधल्या काळात मी कशाकशाला "हं" म्हणून बसलोय, त्याचा एकेक हिशोब निघतो. स्वयंपाकघराला पिवळा रंग द्यायला मी म्हणे आनंदाने होकार दिला होता. काल सकाळी मी पेपर खाली ठेवला आणि म्हणालो, "अगं, किती बोलशील? जरा माझंही—"

"मॉडेलने बोलायचं नसतं," ती म्हणाली, आणि चहा ढवळत पुढे सांगायला लागली.

मी गप्प बसलो. मान तिच्याकडे वळवली. आता ती सरळ करा असं मला कुणी सांगत नाही.